‘चुपके चुपके’ : निरुपद्रवी सोंगाची गोडी

हिंदी चित्रपटाच्या इतिहासात १९७५ हे साल ‘दीवार’ आणि ‘शोले’ यांच्या नावे नोंदले गेले आहे. त्याच वर्षी हृषिकेश मुखर्जी यांचा ‘चुपके चुपके’ पडद्यावर आला. धर्मेंद्र, अमिताभ बच्चन, जया भादुरी, असरानी आणि केश्तो मुखर्जी हे पाचही कलावंत ‘शोले’तही आहेत. येथे मात्र बंदूक नाही, सूड नाही, खलनायक तर औषधालाही सापडत नाही. आहेत ते फक्त एक साडू आणि त्यांची फिरकी घेण्याचा एका प्राध्यापकाचा हट्ट. एवढ्याशा भांडवलावर उभा राहिलेला हा चित्रपट पन्नास वर्षांनंतरही ताजा वाटतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये असरानी आणि पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये धर्मेंद्र यांचे निधन झाले, तेव्हा ‘शोले’च्या बरोबरीने याही चित्रपटाची आठवण निघणे स्वाभाविक होते.

कथा मूळची बंगाली. उपेंद्रनाथ गंगोपाध्याय यांच्या कथेवर १९७१ मध्ये उत्तमकुमार आणि माधवी मुखर्जी यांचा ‘छद्मवेशी’ निघाला होता. ‘चुपके चुपके’ ही त्याचीच हिंदी आवृत्ती. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक परिमल त्रिपाठी (धर्मेंद्र) सुलेखाशी (शर्मिला टागोर) विवाह करतात. सुलेखाच्या बोलण्यात ऊठसूट आपल्या भावोजींची, राघवेंद्र शर्मांची (ओमप्रकाश) स्तुती असते. भावोजींच्या नजरेतून काही सुटत नाही, त्यांना कोणी फसवू शकत नाही. नव्या नवऱ्याला हे किती ऐकवावे? राघवेंद्र लग्नाला येऊ शकलेले नसतात, त्यामुळे त्यांनी परिमलला पाहिलेलेच नसते. त्यातच त्यांना शुद्ध हिंदी बोलणारा ड्रायव्हर हवा असतो. परिमल ‘प्यारे मोहन इलाहाबादी’ या नावाने ड्रायव्हर होऊन त्यांच्या दारात उभा राहतो. पुढे खऱ्या परिमलची जागा भरण्यासाठी इंग्रजीचा प्राध्यापक असलेला मित्र सुकुमार (अमिताभ) नवरा बनून येतो आणि एका सोंगातून दुसरे सोंग उपजते.

ओळखीच्या घोटाळ्यावर आधारलेले विनोद रंगभूमीला नवे नाहीत. रोमन नाटककार प्लॉटसच्या जुळ्या भावांपासून शेक्सपिअरची ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ निघाली आणि तिच्यापासून गुलजार यांचा ‘अंगूर’ (१९८२). आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’ने एका तसबिरीवरून केवढे रामायण घडवले, हे मराठी प्रेक्षकाला सांगायला नको. पण या दोन जातींत एक फरक आहे. ‘अंगूर’ किंवा ‘संशयकल्लोळ’मध्ये घोटाळा कोणी घडवत नाही, तो घडतो. ‘चुपके चुपके’मध्ये तो घडवला जातो आणि प्रेक्षक पहिल्या क्षणापासून त्या कटात सामील असतो. पुढे काय होणार याची उत्कंठा येथे दुय्यम आहे. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट समोरच्याला ठाऊक नाही, या जाणिवेतच गंमत आहे. राघवेंद्र ऐटीत एखादे वाक्य बोलतात आणि त्या वाक्याचा दुसरा अर्थ फक्त आपल्याला कळतो.

सोंग घेणाऱ्याला बहुधा काही तरी गरज असते. बिली वाइल्डर यांच्या ‘सम लाइक इट हॉट’मधील (१९५९) वादक गुंडांपासून जीव वाचवण्यासाठी स्त्रीवेष घेतात. मुखर्जींच्याच ‘गोलमाल’मध्ये (१९७९) नोकरी टिकवण्यासाठी मिशीवाला आणि बिनमिशीचा असे दोन भाऊ उभे करावे लागतात. परिमलला यातले काहीच नको असते. नोकरी आहे, घर आहे, बायकोचे प्रेमही आहे. त्याला हवे आहे ते बायकोच्या मनातील पहिले स्थान! हा मत्सर इतका घरगुती आहे की विवाहित प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नाही. रूढ प्रेमकथा लग्नापाशी संपते. ही लग्नानंतर सुरू होते, आणि नवरा-बायकोला चोरून भेटावे लागल्याने त्यांच्या संसारात प्रियाराधनाची चोरटी गोडी परत येते. ड्रायव्हरबरोबर फिरणारी मेव्हणी पाहून राघवेंद्रांच्या जिवाचा जो थरकाप होतो, त्यावर आपण निर्धास्तपणे हसतो, कारण ती नवऱ्याबरोबरच फिरते आहे.

हा निर्धास्तपणा मुखर्जींनी आरंभीच मिळवून ठेवला आहे. परिमल आणि सुलेखा यांची पहिली भेट डोंगरावरील विश्रामगृहात होते, तेव्हाही तो वेषांतरातच असतो. आजारी नातवाला भेटायला गेलेल्या म्हाताऱ्या चौकीदाराची जागा त्याने घेतलेली असते. म्हणजे या माणसाचे पहिले सोंग दयेतून आलेले आहे. त्यामुळे दुसऱ्या सोंगाच्या वेळी त्याच्या हेतूविषयी शंका घ्यावी असे आपल्याला वाटत नाही. बिमल रॉय यांच्याकडे संकलक म्हणून घडलेल्या दिग्दर्शकाची ही काटकसर आहे. एका प्रसंगात प्रेमही जुळते आणि नायकाचा स्वभावही कळतो.

चित्रपटाचा सर्वांत सरस भाग मात्र भाषेचा. प्यारे मोहनची संस्कृतप्रचुर हिंदी ऐकून आधी राघवेंद्र सुखावतात, मग बुचकळ्यात पडतात आणि शेवटी वैतागतात. हवे ते मागून मिळाल्यावर माणसाची कशी त्रेधा होते, त्याचा हा नमुना आहे. त्यात प्यारे मोहन इंग्रजी शिकायला बसतो आणि ‘डू’ व ‘टू’चे स्पेलिंग पाहून त्याच न्यायाने ‘गो’चा उच्चार काय व्हावा, असा रास्त प्रश्न विचारतो. त्याला उत्तर नाही. कोणत्याही व्याकरणकाराकडे नसावे. भाषेची थट्टा करणे योग्य का, हा संकोच परिमललाही वाटतो आणि चित्रपट त्याची दखल घेतो. रोख भाषेवर नसून तिचा बडेजाव मिरवणाऱ्या माणसावर आहे. (मराठी वाचकाने तर येथे जपूनच हसावे. ‘दिग्दर्शक’ हा शब्द आपल्याला भाषाशुद्धीच्या चळवळीनेच दिला आहे.)

आणि तरीही राघवेंद्र हे पात्र हास्यास्पद होत नाही. ओमप्रकाश यांनी त्याला प्रतिष्ठा दिली आहे. घराची अब्रू, मेव्हणीचे भले यांची त्याला खरी चिंता आहे. त्याच्या नजरेतील खोट मात्र चित्रपट हलक्या हाताने दाखवतो. चौकस म्हणून नावाजलेल्या या गृहस्थांना अंगावर ड्रायव्हरचा पोशाख दिसला की त्याच्या आतला विद्वान दिसत नाही. नोकराच्या चेहऱ्याकडे मालक पाहत नाही, या सवयीवर हा सारा कट तगून आहे.

कटाची किंमत कोणी मोजते का? मोजते, आणि ती मोजणारी या थट्टेशी काडीचाही संबंध नसलेली वसुधा आहे. प्रशांतची (असरानी) मेव्हणी असलेली ही मुलगी सुकुमारच्या प्रेमात पडते, पण तिच्या लेखी तो दुसऱ्या स्त्रीचा नवरा आहे. वनस्पतिशास्त्र शिकवण्याची पाळी आल्यावर सुकुमारची जी भंबेरी उडते तिला आपण हसतो. मात्र वसुधाचा गोंधळ थट्टेचा राहत नाही. जया भादुरींनी तो गांभीर्याने केला आहे आणि चित्रपटाचा उत्तरार्ध त्यामुळेच पोरकट होण्यापासून वाचतो. अमिताभचा अवघडलेला सुकुमारही तोलामोलाचा आहे. ‘दीवार’च्याच वर्षी या नटाने इतकी बुजरी भूमिका केली, याचे नवल वाटते. माझ्या मते उत्तरार्धात सोंगांची संख्या जराशी जास्तच होते, पण सचिनदेव बर्मन यांचे संगीत आणि नटांची लय ते जाणवू देत नाही. सुलेखाच्या थोरल्या बहिणीच्या भूमिकेत आपल्या उषा किरण आहेत.

आज ही कथा जशीच्या तशी रचता येणार नाही. लग्नाला न आलेल्या साडूच्या मोबाइलवर अक्षता पडण्याआधीच नवरदेवाची छायाचित्रे पोहोचलेली असतील. १९७५ मध्ये पत्र आणि क्वचित येणारा फोन यांच्या मधल्या अंतरात एक अख्खा माणूस लपू शकत होता. त्या अंतराचा मुखर्जींना चांगला अंदाज होता. १९६६ मध्ये त्यांनी ‘बीवी और मकान’ काढला होता. त्यात भाड्याच्या जागेसाठी मित्रांना बायकांचे सोंग घ्यावे लागते. तो फारसा चालला नाही. त्याच कथेवर सचिन पिळगावकर यांनी १९८८ मध्ये बेतलेला मराठी चित्रपट मात्र आजही घराघरांत पाठ आहे. त्याचे नाव ‘अशी ही बनवाबनवी’.