सेमिनरी गावाकडे निघाली

1962 साली ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन चर्चने आपल्या सेमिनरीचा हिशोब मांडला. पाळक घडवणारी ही संस्था सुमारे पंचवीस वर्षे राजधानीत चालली होती. तेवढ्या काळात दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांची नावे पटावर लागली. त्यांतले पाळकीय सेवेत उरले होते जेमतेम दहा.

दोष त्या मुलांचा नव्हता. खेड्यातला तरुण शहरात येई, वसतिगृहात राही आणि शिकून बाहेर पडेपर्यंत खेड्याला परका होई. शिवाय गावातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीला त्याचा पगार पेलत नसे. गंमत म्हणजे त्याच मंडळीत एखादा चाळिशीतला वडील, म्हणजे मंडळीचा जाणता पुढारी, दर रविवारी उपासना चालवत असे, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जात असे, भावाभावांतले तंटे मिटवत असे. लोकांनी त्याला केव्हाच आपला मानले होते. शिक्षण नाही म्हणून पाळकपदाची दीक्षा नाही, आणि शेत, बायकोमुले टाकून राजधानीत जाऊन राहणे शक्य नाही म्हणून शिक्षण नाही, अशी त्याची कोंडी.

राल्फ विंटर आणि जेम्स एमरी या अमेरिकन मिशनऱ्यांनी ही कोंडी ओळखली. आधी सेमिनरी राजधानीतून हलवून पश्चिमेकडे, रेतालुलेऊ प्रांतातल्या सान फेलिपे गावी नेली, कारण बहुतेक मंडळ्या त्या भागात होत्या. पण जवळ येऊनही जाणत्या वडिलांना घरदार सोडता येईना. मग 1963 मध्ये शिक्षकच बाहेर पडले. गावोगावी अभ्यासकेंद्रे ठरली आणि आठवड्यातून एकदा शिक्षक तिथे पोचू लागले. जगभर पुढे ‘थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन’, थोडक्यात टीईई, म्हणून ओळखली गेलेली पद्धत ती हीच. थोड्याच दिवसांत रॉस किन्सलर हे आणखी एक मिशनरी येऊन मिळाले आणि पुढची कितीतरी वर्षे त्यांनी हे काम रेटले.

या पद्धतीचा खरा कस लागला तो पुस्तकात. शिक्षक आठवडाभर समोर नाही, तेव्हा त्याचे काम पुस्तकाने करायचे. म्हणून मजकुराचे लहान लहान तुकडे पाडले. चार-सहा ओळी वाचायच्या, खाली विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः लिहायचे, मग छापलेले उत्तर बघून ताडून पाहायचे आणि पुढच्या तुकड्याकडे वळायचे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री तासभर एवढे झेपते. शिक्षणही एका मापाचे ठेवले नाही. विषय तोच, पण प्राथमिक शाळा शिकलेल्यासाठी एक पातळी आणि अधिक शिकलेल्यांसाठी वरच्या पातळ्या.

आठवड्याच्या बैठकीत शिक्षकाने व्याख्यान द्यायचे नाही, हा यातला सर्वांत अवघड नियम. माहिती घरी वाचून झालेली असते. बैठकीत विचारायचे ते असे: तुमच्या मंडळीत परवा तरुण मुलगा गेला, त्याच्या आईला तुम्ही काय सांगितले? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ टेड वॉर्ड यांनी ही रचना कुंपणाच्या रूपाने समजावली. घरचा अभ्यास आणि मंडळीतली सेवा हे दोन आडवे वासे, बैठक हा त्यांना धरून ठेवणारा खांब. मला या बैठकीचे मोल अभ्यासाहून जास्त वाटते. दूरच्या गावात उपदेश करणारा माणूस फार एकटा असतो. त्याच्यापाशी सगळे मन मोकळे करतात, त्याने कुणापाशी करायचे? आठवड्यातून एकदा आपल्यासारख्याच चौघांत बसायला मिळणे हा त्याचा केवढा तरी आधार.

दीक्षित आणि अदीक्षित यांच्यातली भिंतही इथे नकळत खचली. शेतकरी, दुकानदार, शिक्षक, घर सांभाळणाऱ्या बायका एकाच टेबलाशी बसू लागल्या. कुणाला पुढे दीक्षा मिळे, कुणाला नाही, पण अभ्यास दोघांचा एकच. पाळक आधी निवडा आणि मग मंडळी शोधा, हा क्रम उलटला. मंडळीने जो आधीच पुढे केला आहे, त्याला तयार करा. मला हे शिक्षणसुधारणेपेक्षा मोठे वाटते, कारण यात मंडळीच्या पारखीवर विश्वास आहे.

उणिवाही होत्या. तुकड्यातुकड्यांचे पुस्तक पाठांतराकडे घसरू शकते. गाळलेली जागा भरता आली म्हणजे विषय समजला असे नव्हे. अशी पुस्तके लिहिणे हे कमालीचे कष्टाचे काम, त्यामुळे अनेक देशांनी ती नुसती भाषांतरित केली आणि ग्वाटेमालातले प्रश्न भलत्याच गावात विचारले गेले. बैठका ढिल्या पडल्या की उरे तो निव्वळ पोस्टाने चालणारा अभ्यासक्रम. वसतिगृहात शिकलेले या लोकांकडे दुय्यम म्हणून पाहत ते वेगळेच. तो दृष्टिकोन मला अन्यायाचा वाटतो. रोजची सेवा सांभाळून केलेला अभ्यास हलका कसा?

भारतात 1971 मध्ये बंगळूरला ‘टाफ्टी’ ही संस्था याच पद्धतीवर उभी राहिली. नोकरी-संसार न सोडता शिकू पाहणाऱ्या सामान्य ख्रिस्ती माणसावर तिचा भर. सुरुवात इंग्रजीतून झाली, पुढे भारतीय भाषांतले अभ्यासक्रम आले. महाराष्ट्राला या पद्धतीची गरज समजावून सांगावी लागत नाही. मिशनच्या काळात नगर भागातल्या कितीतरी गावांत शाळेचा मास्तरच रविवारची उपासना घेई, कारण पाळक येणार तो अधूनमधून. आजही एका पाळकाकडे अनेक गावे असतात आणि तो दुसऱ्या गावी असतो त्या रविवारी इथे कुणीतरी वडील किंवा एखादी शिक्षिका शास्त्र उघडून उभी राहते. त्यांच्यासाठी मराठीत, आपल्या गावांचे प्रश्न विचारणारी पुस्तके लिहायला हवीत आणि महिन्यातून दोनदा तरी त्यांच्यासोबत बसणारा शिक्षक हवा. एसटीने तासाभरात पोचता येईल अशी चार-पाच गावे मिळून एक केंद्र सुरू करायला इमारत लागत नाही, चर्चची पडवी पुरते.