टाक्यांतून वाहणारी वीज

विद्युत्-उपकरण म्हटले की ताठ हिरवा फलक, त्यावर कथलाचा डाख देऊन बसविलेले सुटे भाग आणि हे सारे दृष्टीआड करणारी एखादी पेटी, असे चित्र आपल्या मनात पक्के झालेले असते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात संगणकशास्त्राचे संशोधन करीत असताना लीआ बीकली यांनी या चित्रालाच हात घातला. त्यांच्या संकल्पनेवरून स्पार्कफन या कंपनीने २००७ साली बाजारात आणलेला ‘लिलीपॅड’ हा जांभळा, वाटोळा, सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा फलक सुईदोऱ्याने कापडावर शिवून बसवावयाचा असतो.

त्याचे अंतरंग मात्र आर्डुइनोचे. इटलीतील इव्रेया येथे २००५ साली डिझाइनच्या विद्यार्थ्यांनाही पेलावा म्हणून सिद्ध झालेल्या त्या फलकाप्रमाणेच यालाही संगणकावरून आज्ञावली पढविता येते.

खरे कौशल्य दोऱ्याचे आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनचा किंवा न गंजणाऱ्या पोलादी तंतूंचा हा दोरा वीज वाहून नेतो, आणि फलकाच्या कडेवरील पाकळ्यांच्या छिद्रांतून तो तीनचार वेळा घट्ट ओढून घेतला, की तो टाकाच डाखाचे काम करतो. परंतु तारेसारखे रोधक वेष्टन त्याला नसल्यामुळे धन आणि ऋण बाजूंचे धावदोरे कोठेही एकमेकांना शिवता कामा नयेत. ते एकमेकांवरून नेणे अपरिहार्यच असेल, तर मध्ये कापडाचा तुकडा घालावा लागतो, आणि गाठीनंतर उरलेले टोक मुळापाशी कापून त्यावर गोंदाचा थेंब न सोडल्यास तेवढा एक सुटा धागाही शॉर्ट सर्किटला पुरतो. तांब्याहून या दोऱ्याचा रोध अधिक, म्हणून फलकापासून लांब शिवलेला दिवा मंद पेटतो. अशा वेळी नक्षी आणि विद्युन्मार्ग यांचा आराखडा एकाच कागदावर, एकाच विचाराने मांडावा लागतो, आणि माझ्या मते या साधनाचे थोर शैक्षणिक मोल येथेच आहे.

बीकलींनी स्वतः सायकलस्वारासाठी असे एक जाकीट शिवले: मनगटापाशी बटण दाबले, की पाठीवर डाव्या वा उजव्या वळणाचा बाण लुकलुकतो.

पुढे बीकली आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की आर्डुइनोवरील कृती प्रसिद्ध करणारे बहुतेक पुरुष होते, तर लिलीपॅडच्या कृतींमध्ये बहुसंख्या स्त्रियांची होती. या स्त्रियांना विजेची गोडी नव्हती असे नाही. त्यांच्या हाती असलेल्या सुईला त्या विद्येच्या दरबारात तोवर कोणी मानाचे आसनच दिले नव्हते.