मुलांचे डबे आणि शाळेची भिंत

१९९३ सालची गोष्ट. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक निजले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चारच्या सुमारास, लातूर जिल्ह्यात किल्लारीजवळ भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. घरे पडली, शाळाही पडल्या.

मग गावोगावच्या पोरांनी डबे फिरवले. आमच्या शाळेतही खाऊचे पैसे जमले. कुणी घरून पायलीभर ज्वारी आणली. रोज संध्याकाळी नाणी सर्वांसमोर मोजायची आणि आकडा फळ्यावर लिहायचा, असा आम्ही नेम ठेवला. हिशेब उघडा असला की लोक हात आखडत नाहीत.

पण त्या भागातली घरे पडली का? भिंती दगडाच्या, चांगल्या जाड. पण दगड नुसत्या मातीत बसवलेले. वर माळवदाच्या मातीचा भार. हादऱ्याने दगड सुटले नि छत अंगावर आले. तशीच भिंत पुन्हा उभारली, तर पोरांचे पैसे मातीतच गेले की!

म्हणून पायावर आणि दारा-खिडक्यांच्या वर, लोखंडी सळया घालून सिमेंट काँक्रीटचा पट्टा चौफेर फिरवतात. चाकाला धाव आवळते ना, तसा तो चारी भिंती धरून ठेवतो. छप्परही हलके घालतात. याला खर्च थोडा जास्त येतो. शाळेसाठी पैसे पाठवताना पट्टा घालणार का, हे आधी विचारून घ्यावे.