थेंबभर रसायन, दुप्पट वीज

छपरावरच्या सोलर पॅनलमध्ये सिलिकॉन असते, हे आपली मुले शाळेत शिकतात. कार्बनच्या संयुगांपासूनही सोलर सेल बनतो, असे मी वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "म्हणजे प्लॅस्टिकपासून वीज, मॅडम?"

जवळपास तसेच. वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या शोधासाठी ॲलन हीगर यांना दोन सहकाऱ्यांसह २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा पदार्थाचा सेल शाईसारखा पातळ पसरवता येतो. तो हलका असतो, वाकतोही. पण वीज फार कमी देत असे.

कारण असे. पॉलिमरवर प्रकाश पडला की त्यात ऋण आणि धन भारांची जोडी तयार होते. ही जोडी जेमतेम दहा नॅनोमीटर सरकते आणि विझते. तेवढ्यात तिला फुलरीन हा दुसरा पदार्थ भेटला, तरच भार सुटे होतात. म्हणून दोन्ही एकत्र कालवतात. मात्र फार एकजीव झाले, तर सुट्या भारांना बाहेर पडायला वाट उरत नाही. खिचडी मऊ हवी, पण दाणा दिसला पाहिजे, तसेच हे.

काही मिश्रणे तापवली की नीट बसतात. सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात हीगर आणि गिलेर्मो बाझान यांच्या गटाकडचे एक पॉलिमर मात्र तापवूनही सुधारेना. २००७ साली त्यांनी द्रावणात थोडेसे ऑक्टेनडायथायॉल घातले आणि कार्यक्षमता २.८ वरून ५.५ टक्क्यांवर गेली! हे रसायन स्वतः वीज बनवत नाही. त्यात फुलरीन विरघळते, पॉलिमर नाही. शिवाय ते सावकाश उडते. त्यामुळे पॉलिमर आधी बसते आणि मागे राहिलेले फुलरीन नंतर आपली जागा धरते. दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

पुढे याच कामासाठी डायआयोडोऑक्टेन सर्रास वापरले गेले. पण सावकाश उडण्याचा गुणच अंगाशी आला. त्याचा अंश थरात राहतो आणि उन्हात पॉलिमर लवकर खराब करतो. ज्याने कमाई वाढवली, त्यानेच आयुष्य घटवले. बातम्यांत नव्या टक्केवारीचा गाजावाजा होतो, हा भाग येत नाही, याचे मला वाईट वाटते. आता नव्या रेणूंमुळे प्रयोगशाळेत १९ टक्क्यांच्या पुढे मजल गेली आहे; सिलिकॉनचे पॅनल मात्र छपरावर पंचवीस वर्षे काढते.

"मग तो उरलेला थेंब काढून टाकायचा ना, मॅडम!" मागच्या बाकाने सुचवले. निर्वात पेटीत ठेवून तो ओढून काढतात. कुणी द्रवाऐवजी घन पदार्थ घालतात, जो थोड्या उष्णतेने पूर्ण उडून जातो.