शेजारी कोण? स्विचला माहीत आहे!

दोस्तांनो, संभाजीनगरहून खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला निघालात की वाटेत दौलताबाद लागतं. खुलताबादहून पुढं गेलात की वेरूळ. आता समजा, प्रत्येक गावाला फक्त शेजारची गावं ठाऊक आहेत. खुलताबाद म्हणेल, "माझ्या अलीकडे दौलताबाद, पलीकडे वेरूळ." दौलताबाद म्हणेल, "माझ्या अलीकडे संभाजीनगर, पलीकडे खुलताबाद." सगळ्यांची उत्तरं जोडली की अख्खा रस्ता कागदावर हजर!

कॉम्प्युटरच्या जाळ्याचा नकाशाही असाच तयार होतो. शाळेच्या लॅबमध्ये किंवा बँकेत लुकलुकत्या दिव्यांची, ओळीनं केबल खोचलेली पेटी पाहिली आहे ना? तो स्विच. केबल खोचायची जागा म्हणजे पोर्ट. शेकडो केबल असल्या की कुठली कुठं जाते, हे कोण लक्षात ठेवणार? म्हणून हुशार स्विच आपली ओळख आपणच सांगतात.

प्रत्येक पोर्टमधून साधारण दर ३० सेकंदांनी एक छोटासा निरोप सुटतो. त्यात तीन गोष्टी हव्यातच: मी कोण, कुठल्या पोर्टमधून बोलतोय आणि ही माहिती किती वेळ खरी धरायची. पलीकडचा स्विच ती टिपून घेतो. "पोचलं बरं का!" असं उत्तर तो देत नाही. निरोप पुढंही पाठवत नाही, कारण त्यावर ०१-८०-सी२-००-००-०ई असा खास पत्ता असतो. हा पत्ता असलेला निरोप पुढं सोडायचा नाही, असा नियमच आहे. म्हणून तर निरोप आला, की तो शेजाऱ्याचाच!

आणि केबल निघाली तर? निरोप थांबतात. साधारण १२० सेकंद नवा निरोप आला नाही, की स्विच त्या शेजाऱ्याचं नाव यादीतून काढून टाकतो.

सिस्को कंपनीनं १९९४ मध्ये अशी पद्धत काढली, पण ती होती तिच्या स्वतःच्या यंत्रांसाठी. २००५ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेनं सगळ्या कंपन्यांसाठी एकच पद्धत ठरवली. तिचं नाव एलएलडीपी.

मात्र हे निरोप केबल जोडून कुणीही ऐकू शकतं. म्हणून बाहेरच्या लोकांसाठी असलेल्या पोर्टवर ते बंद ठेवणंच शहाणपणाचं.

तुमच्या लॅबमधला स्विच एलएलडीपी बोलतो का? सरांना किंवा बाईंना नक्की विचारा. केबल मात्र उपटून बघू नका हं!