स्क्रीन इंग्रजीत, समजावणं मराठीत : ‘सायलॅब’ शिकायची सोपी वाट

राणीसावरगाव (ता. गंगाखेड) : फवारणीच्या औषधासोबत घडी केलेली चिठ्ठी येते. तिच्यात सगळं लिहिलेलं असतं, पण प्रमाण हेक्टरी. शेतकऱ्याचा सवाल साधा असतो : एका पंपाला किती टोपणं? उत्तर शेवटी दुकानदार नाहीतर शेजारी देतो. चिठ्ठीतली माहिती खोटी नसते, ती फक्त वापरणाऱ्याचा विचार करून लिहिलेली नसते.

कॉम्प्युटरच्या भाषांचंही तसंच आहे. आपल्या भागातली पोरं मराठी शाळेत शिकतात आणि पुढं डिप्लोमा, इंजिनिअरिंगला परभणी, नांदेड, लातूर गाठतात. तिथं प्रोग्रॅमिंगचं पहिलं पान उघडलं की सगळं इंग्रजी, तेही आधीच जाणणाऱ्यांसाठी लिहिलेलं. दोन-तीन वेळा लाल अक्षरात ‘एरर’ आला की पोरगं गप्प होतं, ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणतं. फी मात्र घरच्यांनी सोयाबीन विकून भरलेली असते.

सायलॅब म्हणजे काय?

सायलॅब हे गणिती आकडेमोडीचं मोफत सॉफ्टवेअर आहे. फ्रान्समधल्या इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेत ते तयार झालं आणि 1994 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात एक-एक ओळ लिहून कॉम्प्युटरला हुकूम देता येतो. अशाच कामाचं मॅटलॅब हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. सायलॅबला पैसा लागत नाही.

समजा, तीन शेतांत 12, 9 आणि 15 क्विंटल माल झाला. हे आकडे चौकोनी कंसात लिहून त्यांना एक नाव द्यायचं. मग त्या नावाला 4000 रुपये भावानं गुणलं की 48000, 36000 आणि 60000 असे तिन्ही शेतांचे पैसे एकदम येतात. तीन शेतांसाठी जी ओळ, तीच तीन हजार शेतांना चालते.

नवखा अडतो कुठं?

अडचण गणिताची नसते, बारक्या गोष्टींची असते. वर्तुळाच्या गणितातला ‘पाय’ सायलॅबमध्ये नुसता लिहून चालत नाही, त्याच्या आधी टक्क्याचं चिन्ह लागतं. ते विसरलं की ‘अनडिफाइन्ड व्हेरिएबल’ असा निरोप येतो. त्याचा अर्थ इतकाच की, ‘या नावाची किंमत मला माहीत नाही.’ तसंच ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला तर काम होतं, पण उत्तर स्क्रीनवर दिसत नाही. नवख्याला वाटतं, काहीच झालं नाही. या दोन गोष्टी पहिल्याच पानावर सांगितल्या तर पोराचा अर्धा दिवस वाचतो.

आयआयटी मुंबईनं काय केलं?

आयआयटी मुंबईतले रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी केंद्र सरकारच्या मदतीनं ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा केला. त्यात साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत. स्क्रीनवर सायलॅब इंग्रजीतच चालतं, कारण हुकूम इंग्रजीतच द्यावे लागतात. समजावणारा आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. त्यामुळे पोराला हुकूमही पाठ होतो आणि अर्थही कळतो.

या कामाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. आधी काय बोलायचं ते शब्दन् शब्द लिहून काढतात. मग ते विषय न येणाऱ्या माणसाला तपासायला देतात. तो जिथं अडेल तिथं मजकूर बदलतात. म्हणजे इथं न येणाऱ्याची अडचण ही त्याची चूक धरत नाहीत, लिखाणातली उणीव धरतात.

याच संस्थेच्या ‘फॉसी’ प्रकल्पात दुसरं काम झालं. अभियांत्रिकीच्या पुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घेतली आणि त्याचं मानधनही दिलं. अशी शेकडो पुस्तकं झाली. वर्गात शिकवलेलं उदाहरण कॉम्प्युटरवर कसं करायचं, ते त्यांत फुकट पाहता येतं.

शिकायचं कसं?

• व्हिडिओ ‘स्पोकन-ट्युटोरियल डॉट ऑर्ग’ या साइटवर आहेत. सायलॅब निवडा, भाषा मराठी निवडा. डाउनलोड करून ठेवला की रेंज नसली तरी चालतो.

• नुसतं मोबाईलवर पाहून येत नाही. सायलॅबला कॉम्प्युटर लागतो. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सायलॅब ठेवा. व्हिडिओ थांबवा, करून बघा, मग पुढं जा.

• जुने व्हिडिओ जुन्या आवृत्तीवर केलेले आहेत. खिडकी थोडी वेगळी दिसली तर घाबरू नका, सुरुवातीचे साधे हुकूम तेच आहेत.

• एरर आला की वहीत उतरवा. शेजारी त्याचा अर्थ आणि उपाय मराठीत लिहा.

ही शेवटची सवय सगळ्यात मोलाची. वर्षभरात वही भरते आणि पुढच्या वर्षी गावातून जाणाऱ्या पोराच्या हाती ती देता येते. तज्ज्ञ माणूस आपण सुरुवातीला कुठं अडलो होतो ते विसरून जातो. नुकतंच शिकलेल्याला ते आठवत असतं, म्हणून नवख्यासाठी पहिलं पान त्यानंच लिहावं.