उत्तर आधीच ठरलेलं असतं का?

दिवाळी झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार किंवा नाटक रंगतं. विनोदी पात्राचा संवाद लोकांनी उचलून धरला, की नट तो लांबवतो; लोक गप्प राहिले, तर आवरतं घेतो. झाडीपट्टीचा प्रेक्षक असा गोष्ट घडवायला हातभार लावत असतो.

गोष्ट हप्त्याहप्त्यानं येत असली, तर मधल्या काळात तर्क करायला सवड मिळते. आज मोबाइलवर भागाभागानं येणाऱ्या रहस्यकथांचे वाचक आपला तर्क लगेच कळवतात. लेखक कधी तो उचलतो, कधी मुद्दाम हुलकावणी देतो. म्हणजे चोर कोण, हे आधीच ठरलेलं असतं असं नाही. पण एक बंधन असतं : आधी सांगितलेलं खोडता येत नाही. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला कड्यावरून पाडून संपवलं. वाचक फार नाराज झाले. १९०३ मध्ये होम्स परतला. हे जमलं कसं? त्याला पडताना कुणी पाहिलं नव्हतं आणि मृतदेहही सापडला नव्हता! जे सांगायचं राहिलं होतं, तिथूनच वाट निघाली.

याचा एक खेळ वर्गात घेता येईल. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर तो सांगत असत. एका मुलाला बाहेर पाठवा. त्याला वाटेल, की वर्गानं एखादी वस्तू ठरवली आहे. प्रत्यक्षात काहीच ठरवू नका. तो 'हो-नाही'चे प्रश्न विचारील. उत्तर देणाऱ्यानं एवढंच पाहायचं, की आधीच्या सगळ्या उत्तरांना जुळेल अशी एक तरी वस्तू आपल्या मनात आहे. पुढेपुढे उत्तर द्यायला वेळ लागू लागतो. का, ते मुलांनाच विचारा.

आता दुसरा खेळ. शाळा सुटताना अंगणात चाळलेली बारीक माती पसरा आणि मधोमध मूठभर धान ठेवा. रात्री कोण येईल? उंदीर, कुत्रं, की पहाटे एखादं पाखरू? प्रत्येकाचा तर्क फळ्यावर लिहा. सकाळी ठसे पाहा. एकाच ठशानं बरेच तर्क गळून पडतील. उरलेल्यांमधून निवड कशी करायची, त्यावर चर्चा होऊ द्या.

दोन्ही खेळांत तर्काला मागच्या पुराव्याशी जुळावं लागतं. फरक मोठा आहे तो पुढे. पहिल्या खेळातलं उत्तर आपल्या प्रश्नांनी घडतं. दुसऱ्यातलं, सगळ्या वर्गानं हात वर केले तरी हलत नाही.

आमच्या मते शिक्षकांसाठी खरी गोम इथंच आहे. नट जसा प्रेक्षकांचा अंदाज घेतो, तशी मुलं गुरुजींचा चेहरा वाचून उत्तर बदलतात. मातीतल्या ठशाचं उत्तर गुरुजींनाही ठाऊक नसतं. मग मुलांना चेहऱ्याऐवजी मातीकडे पाहावंच लागतं.